पासपोर्ट खिशात नसलेला माणूस

नोकरीत बरीच प्रकरणं हाताखालून गेली. त्यांतल्या खुनांचे तपशीलही आता एकमेकांत मिसळायला लागलेत. पण एक प्रकरण विसरता येत नाही, ज्यात ना रक्त सांडलं ना कुणी पळून गेलं. ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत ते पुन्हा तापलं, म्हणून हे लिहायला बसलो.

निवृत्तीनंतर मी नेरूळला राहतो. आमच्या इमारतीत एका फ्लॅटमध्ये दोन परदेशी विद्यार्थी भाड्यानं आले. लगेच सेक्रेटरींनी ठराव आणला की परदेशी भाडेकरूंनी आपला ओरिजिनल पासपोर्ट सोसायटीच्या ऑफिसात जमा करायचा, आणि गेटवर वॉचमननं विचारलं की ओळख म्हणून तो दाखवायचा. एकच पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आणि गेटवर, दोन्हीकडे कसा असणार, हे शिकल्यासवरल्या चाळीसेक माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभा राहून विरोध केला, तर सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तुम्ही पोलीसवाले असून असं बोलता? आपल्याला टेन्शन नको म्हणून तर करतोय." मी पोलीसवाला होतो म्हणूनच असं बोलत होतो. पण ते पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं.

त्या प्रकरणाच्या वेळी मी नवी मुंबईतल्याच एका पोलीस ठाण्यात निरीक्षक, गुन्हे, म्हणून नुकताच बदलून आलो होतो. हद्दीत परदेशी माणसं पुष्कळ. काही शिकायला आलेली, काही व्यापाराला, आणि बरीचशी घरच्या आजारी माणसाला उपचारासाठी घेऊन आलेली. ही शेवटची मंडळी हॉस्पिटलजवळच्या गावठाणांत, लॉजवर किंवा गेस्ट हाऊसमध्ये खोली घेऊन राहायची. त्यांचं काम ठाण्यात एक हवालदार बघायचा. माणूस चलाख, कामाचा उरक चांगला. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला अभिमानानं सांगितलं, "सर, परदेशी लोकांसाठी आपला एक खबऱ्या आहे. त्याची खबर कधी फुकट जात नाही. ज्याच्याकडे पासपोर्ट नाही बोलला, त्याच्याकडे नसतोच."

पण जी खबर कधीच फुकट जात नाही, तिचा मला अनुभवानं संशय येतो. खबऱ्या हाही माणूसच असतो. तो चार वेळा चुकतो, दोनदा थापा मारतो, एकदा खरं सांगतो.

त्या दिवशी दुपारी हवालदाराला फोन आला. बोनकोडे गावठाणातल्या गेस्ट हाऊसमधून एक अरब हॉस्पिटलकडे चालत निघालाय, अंगात निळा शर्ट आहे, जवळ पासपोर्ट नाही, व्हिसाचाही घोळ असणार. हवालदार दोन शिपाई घेऊन गेला आणि अर्ध्या तासात त्या माणसाला जीपमधून घेऊन आला. स्टेशन डायरीला नोंद झाली. ठाणे अंमलदारानं त्याला माझ्या खोलीत पाठवलं.

माणूस चाळिशीचा, सडपातळ, दाढी पिकायला लागलेली. हातात एक्स-रे ठेवायचं मोठं पाकीट होतं. खुर्चीत बसला तरी ते त्यानं खाली ठेवलं नाही, मांडीवर उभं धरून बसला. त्याला इंग्रजीचे चार शब्द येत होते आणि ते चारही घाबरून गेले होते. हवालदार म्हणाला, "सर, दुभाषी बोलावलाय. येईलच."

दुभाषी आलाच. इतका पटकन आला की जणू कोपऱ्यावरच उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचे कपडे, दोन मोबाईल, तोंडात बडीशेप. वाशीत त्याचं छोटं ऑफिस होतं. परदेशातून येणाऱ्या पेशंटना विमानतळावरून आणायचं, राहायची सोय लावायची, हॉस्पिटल ठरवून द्यायचं, असा त्याचा एजंटचा धंदा. हॉस्पिटल ठरवून दिलं की तिथून त्याला कमिशन मिळायचं. पूर्वी आखातात एका दवाखान्याच्या काउंटरवर होता, तिथं अरबी शिकला. ठाण्यात तो घरच्यासारखा वावरत होता. शिपायांनी त्याला स्वतःहून खुर्ची दिली. आणि त्यानंच मला, म्हणजे खोलीच्या मालकाला, विचारलं की चहा सांगू का.

मी विचारलं, "याचा पासपोर्ट कुठे आहे?" दुभाष्यानं अरबीत विचारलं. त्या माणसानं बरंच बोलून दाखवलं, मधे दोनदा मांडीवरचं पाकीट पुढं केलं. दुभाष्यानं मला मराठीत एका वाक्यात उरकलं, "सर, बोलतो कुटंतरी पडला. रिक्षात पडला असंल. मी बघतो एम्बसीचं वगैरे, तुमी टेन्शन घेऊ नका."

पोलिसाच्या नोकरीत पुस्तकांपेक्षा डोळे जास्त शिकवतात. ज्याची वस्तू हरवते तो माणूस विचारल्याबरोबर आपले खिसे चाचपतो. दहा वेळा चाचपलेले असले तरी अकराव्यांदा चाचपतो. पाकीट मारलं गेलेली बाई तक्रार लिहून देताना पर्समध्ये पुन्हा हात घालते. या माणसानं एकही खिसा चाचपला नाही. 'पासपोर्ट' हा शब्द त्याला माझ्या तोंडून कळला, आणि कळताच त्यानं सरळ दुभाष्याकडे बघितलं. दर वेळी तिकडेच.

मी हवालदाराला बाहेर नेऊन विचारलं, "आजची खबर कुणी दिली?" खबऱ्याचं नाव सांगायचं नसतं म्हणून तो जरा घुटमळला. मग मान खाली घालून म्हणाला, "सर, यानंच. आपला माणूस आहे. अरबी पण येते, म्हणून दुभाषी पण यालाच बोलावतो. दोन कामं होतात."

त्या क्षणी माझ्या तोंडून जे शब्द गेले ते इथं छापता येणार नाहीत. ज्यानं बोट दाखवलं त्यालाच आरोपीची जबानी सांगायला बसवायचं, आणि वर सोय झाली म्हणायचं. किती परदेशी माणसं या खोलीत बसून काहीतरी सांगून गेली असतील, आणि आमच्या डायरीत काय उतरलं असेल, या विचारानं मला स्वतःच्या खात्याची चीड आली. हवालदार लाचखोर नव्हता. त्याला फक्त सोय हवी होती. पण या सोयीपायी किती माणसं भरडली गेली हे त्याला ठाऊकही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

मी आवाज साधा ठेवून दुभाष्याला सांगितलं की पंचनामा करावा लागेल, तेव्हा हवालदाराबरोबर जाऊन बाजारातून दोन पंच घेऊन या. हवालदाराला डोळ्यानं खूण केली की घाई करू नको. दोघे गेल्यावर मी आमच्या मोहल्ला कमिटीच्या एका सदस्यांना फोन लावला. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मूळचे श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, उमेदीची वीस-बावीस वर्षं आखातात एका वर्कशॉपात हिशेबनीस म्हणून काढलेली. आता मुलाजवळ वाशीत राहायचे आणि ईद-गणपतीच्या बैठकांना न चुकता यायचे. लगेच आले.

त्यांनी त्या माणसाला सलाम केला, त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं. तो माणूस बोलायला लागला तसा चाचांचा चेहरा बदलत गेला. मधेच त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पासपोर्ट हरवला नाय. आता जो मानूस इथून गेला ना, त्याच्याकडंच हाय. याचा पन आणि याच्या बायकोचा पन. विमानतळावर उतरले तेवाच त्यानं घेतले. बोलला, इथं पोलिसांचा कायदाच हाय, परदेशी मानसाचा पासपोर्ट एजंटकडं जमा राहतो."

बाकीचं चाचांनी हळूहळू सांगितलं. बायकोच्या गुडघ्याजवळ हाडात गाठ होती. एजंटनं तिला एका लहान हॉस्पिटलात दाखल केलं होतं. तिथं सांगितलं की मांडीपासून पाय काढावा लागेल, उद्या सकाळी ऑपरेशन. नवऱ्याला धीर धरवेना. तो एक्स-रे घेऊन स्वतःच एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना भेटला. ते म्हणाले, गाठ काढून पाय वाचवायचा प्रयत्न करता येईल, पण लवकर घेऊन या, आणि दाखल करताना दोघांचे पासपोर्ट लागतील. त्यानं आदल्या दिवशी एजंटकडे पासपोर्ट मागितले. एजंट म्हणाला, पेशंट हलवायचा नाही. आज एजंट हॉस्पिटलात भेटेल म्हणून तो पुन्हा मागायला निघाला होता आणि वाटेत आमची जीप आली. मघाशी माझ्यासमोर बसून त्या एजंटनं त्याला अरबीत सांगितलं होतं की ऑपरेशनच्या कागदावर सही कर, मग तुला सोडवतो, नाहीतर आजच तुरुंगात जाशील आणि बायको इथं एकटी पडेल.

माझ्या खोलीत. माझ्या टेबलासमोर. मी चहा पीत होतो तेव्हा.

चाचांनी आपली खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "साहेब, एक बोलू का? माजा पासपोर्ट पन कफीलच्या कपाटात असायचा. मालकाच्या. पयल्या दिवशी घेतला तो घरी येताना द्यायचा. रस्त्यावर पोलिसानं धरला तर आमी नुसता बताका दाखवायचो, तिथलं ओळखपत्र. आई गेली तेवा कफील बाहेरगावी होता, चावी त्याच्या खिशात. मी घरी आलो तो तिचा चाळीसावा दिवस झाल्यावर. तेवा वाटायचा, हे परक्या मुलखात होतं. आपल्या गावात नाय होत." हे बोलताना त्यांनी आवाज चढवला नाही, पण हातांच्या मुठी आवळलेल्या होत्या. मला त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

पंच घेऊन एजंट परत आला. चाचांना त्या माणसाशी अरबीत बोलताना बघून त्याचं बडीशेप चघळणं थांबलं. मी त्याला बसवलं, चहा दिला, आणि बराच वेळ काहीच विचारलं नाही. बोलघेवड्या माणसाला गप्प बसवून ठेवण्याइतकी दुसरी शिक्षा नाही. शेवटी तोच म्हणाला, "सर, काय झालं? पंचनामा करू या ना."

मी म्हणालो, "करू. पण आधी मला एक सांग. मी इतकी वर्षं नोकरी केली. खिशात काय आहे ते ओळखणारे पाकीटमार मी पुष्कळ पाहिले. पण रस्त्यानं चाललेल्या माणसाच्या खिशात काय नाही, हे ओळखणारा पहिल्यांदाच बघतोय. तुला कसं कळलं याच्याजवळ पासपोर्ट नाही?"

तो हसला. मग हसू आवरलं. म्हणाला, अंदाज होता. मी विचारलं, याच्याआधी तू दिलेल्या प्रत्येक खबरीत पण अंदाजच होता का? मग त्यानं सांगितलं की पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात दिलाय. मी त्याच्यासमोरच फोन उचलून कार्यालयात विचारलं. त्यांच्याकडे असं काही नव्हतं. मग म्हणाला, सेफ्टीसाठी ठेवलाय, सगळेच ठेवतात, लॉजवाले पण ठेवतात, मी एकटाच का. इथं मात्र तो खरं बोलत होता, आणि मला त्याच्या खोट्यापेक्षा त्याच्या खऱ्याचा जास्त राग आला. पासपोर्ट कुठे आहेत ते त्यानं अखेर सांगितलं.

पंचांना घेऊन आम्ही बोनकोड्याला गेलो. गेस्ट हाऊस म्हणजे गावठाणातली चार मजली इमारत, खाली मालकीणबाई राहायच्या. साठीच्या आगरी बाई, नऊवारी नेसलेल्या. दारात पोलीस बघून घाबरल्या. मी विचारलं, एजंटनं तुमच्याकडे काही ठेवायला दिलंय का. त्या म्हणाल्या, "हाय ना. धंद्याचे कागद हायत बोलला. पोलिसांनीच जपाला सांगलाय बोलला. मी देवाजवल ठेवलाय."

देव्हाऱ्यात टाकांच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्याच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. दसऱ्याला घरातला कोयता आणि शिलाई मशीन यांच्याबरोबर त्यांनी त्या डब्याचीही पूजा केली होती. दुसऱ्याच्या धंद्याचं आहे, बरकत राहू दे, म्हणून. डबा उघडला तर आत वेगवेगळ्या देशांचे पासपोर्ट, रबर लावून नीट बांधलेले. त्यांत आमच्या माणसाचा आणि त्याच्या बायकोचाही होता. बाकीच्या पासपोर्टांची माणसं त्याच इमारतीत वरच्या मजल्यांवर राहत होती आणि त्यांना माहीतही नव्हतं की आपले पासपोर्ट तळमजल्यावर देवाजवळ आहेत.

बाईंना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या एजंटसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माजे देवाचे आड लपवलास," एवढंच म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून सांगितलं की जिथं साक्ष द्यायची असेल तिथं त्या येतील.

पंचनामा झाला, मुद्देमाल जप्त झाला. जप्त केलेला पासपोर्ट मुद्देमाल म्हणून ठाण्यात अडकला असता तर त्या बाईचा पाय आम्हीच कापल्यासारखं झालं असतं. म्हणून दोघांचे पासपोर्ट ताबा पावती घेऊन त्याच संध्याकाळी परत दिले. पुढे हे कशाला केलंत म्हणून मला वरून लेखी विचारणा झाली. मीही लेखी उत्तर दिलं, जरा कडक भाषेत. चाचा त्या माणसाबरोबर हॉस्पिटलात गेले, ऑपरेशनला त्याचा नकार लिहून दिला, आणि रुग्णवाहिकेतून त्यांनी त्याच्या बायकोला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर मी सगळ्यांना थांबवून घेतलं. हवालदारानं धीर करून विचारलं, "पण सर, परदेशी माणसानं पासपोर्ट जवळ ठेवायलाच पाहिजे ना?" हा प्रश्न मला पुढेही अनेकांनी विचारला, म्हणून इथं सांगतो. हवालदार किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं मागणी केली तर परदेशी माणसानं पासपोर्ट ठरलेल्या मुदतीत आणून दाखवावा, ही अपेक्षा. चालताना खिशात नाही म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. त्याच्याकडे छायाप्रत असते, मोबाईलमध्ये फोटो असतो, नोंदणीचा कागद असतो, हॉस्पिटलचं पत्र असतं. फोन उचलून खातरजमा करता येते. तो आमच्या कामाचा भाग आहे. आणि मूळ पासपोर्ट दुसऱ्यानं आपल्याकडे दाबून ठेवणं हा कुणाचाच हक्क नाही, मग तो एजंट असो, घरमालक असो, लॉज असो की शेठ. आम्ही उलटं चालवलं होतं. पासपोर्ट दाबणाऱ्याला खुर्ची देत होतो आणि ज्याचा दाबला त्याला जीपमध्ये घालत होतो.

एजंटवर खंडणी, फसवणूक आणि पोलिसांना खोटी खबर दिल्याचा गुन्हा दाखल केला. बाकीच्या परदेशी कुटुंबांना बोलावून जबाब घेतले, तर तिथंही तेच. एकानं हॉस्पिटल बदलायचं म्हटलं, दुसऱ्या दिवशी जीप. एकानं बिल मागितलं, दुसऱ्या दिवशी जीप. मग हाच एजंट पासपोर्ट घेऊन ठाण्यात यायचा आणि देवमाणूस म्हणून त्यांना सोडवून न्यायचा. आमची जीप त्याच्या धंद्याचा चाबूक झाली होती, आणि पेट्रोल सरकारी. आमचं दोषारोपपत्र तयार होण्याआधी तो जामिनावर सुटला. साक्षीदार आपापल्या देशात परत गेले. खटला अजून चालू आहे. बोनकोड्याच्या त्या बाई मात्र प्रत्येक तारखेला कोर्टात येऊन बसतात, असं परवाच कळलं.

काही महिन्यांनी ते नवरा-बायको घरी जाण्याआधी ठाण्यात भेटायला आले. बाई वॉकर धरून चालत होत्या, हळू, पण आपल्या दोन्ही पायांवर. चाचा बरोबर होते. मला मनापासून बरं वाटलं. मी त्यांना आत घ्यायला बाहेर आलो, आणि बघतो तर काय, त्या माणसानं गेटवरच्या शिपायाला बघून आधीच पासपोर्ट काढला होता. शिपायानं मागितलाही नव्हता. मी समोर आलो तसा त्यानं तो फोटोच्या पानावर उघडून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. चाचांमार्फत मी सांगितलं की असू दे, खिशात ठेवा. त्यानं मान हलवली, हसला, पण ठेवला नाही. चहा होईपर्यंत, बोलणं होईपर्यंत, निरोप घेईपर्यंत तो पासपोर्ट त्याच्या हातात उघडाच होता. बायकोनं दोनदा त्याच्या हातावर हात ठेवला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी गुन्हेगारांना घाबरवलं असेल, त्याचं मला काही नाही. पण एका भल्या माणसाला आमचा गणवेश बघून आपण कोण हे दाखवत उभं राहायची सवय लागली, ती आमच्या खोलीत लागली. या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर मी त्या उघड्या पासपोर्टबद्दल सांगतो.

सोसायटीचा ठराव पुढच्या सभेत मंजुरीला येतोय. ते दोन विद्यार्थी रोज संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटतात, मला बघून नमस्कार करतात. ठरावाबद्दल त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. सभेला मात्र मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसणार आहे.